उंबऱ्याची खांड

वैशाख लागला की आईचं लक्ष माळ्याकडे जायचं. माळ्यावर काय आहे यापेक्षा काय नाही, ते तिला आधी दिसायचं. मग आगोटीची धांदल सुरू व्हायची. पावसाच्या महिन्यांसाठी घर भरून ठेवायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. सुके बोंबील, जवळा, वाकट्या उन्हात कडकडीत वाळवून डब्यात जायच्या. डब्याचं झाकण कणकेने लिंपलं जायचं. चिंच मीठ लावून मडक्यात, तांदूळ कणगीत, गोवऱ्या आणि लाकडं पडवीत. आमच्या मिठागरातलं जाडं मीठ तर पोत्याने असे, आणि त्या पोत्याखाली विटा मांडून आई ते जमिनीपासून वर उचलून ठेवी. मी विचारायची, "आये, मीठ काय पलून जानार हाय?" ती म्हणायची, "मीठ पलत न्हाय, पानी होतं. पुस्तकात शिकवला न्हाय काय तुज्या मास्तरांनी?" शिकवलं होतं, पण ते मीठ आणि हे मीठ एकच आहे हे माझ्या ध्यानात यायला कॉलेजचं दुसरं वर्ष उजाडलं.

आता मी ज्या वसाहतीत अकराव्या मजल्यावर राहते, तिथे सोसायटीने प्रत्येक घरासाठी एक पत्रक काढलं आहे. विजेरी, औषधं, कागदपत्रांच्या प्रती, पिण्याचं पाणी, शिट्टी, असं सगळं एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा म्हणून. शेजारच्या सुनेने मला ते समजावून सांगितलं. मी मन लावून ऐकलं, पिशवी भरली आणि तिच्यात थोडा सुका जवळा टाकला. तिने नाक मुरडलं, मी हसले. पण त्या पिशवीमुळेच हे प्रकरण लिहायला बसले आहे.

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीला लागून. गाव आणि भातशेती भरतीच्या पाण्याहून खालच्या अंगाला, मधे मातीचा लांबलचक बांध. गाव जगायचं ते बांधाच्या भरवशावर. उधाणाच्या भरतीला बांध कुठे खचला, त्यातून पाणी आत घुसायला लागलं की खांड गेली म्हणायचे. एक खांड वेळेत बुजली नाही तर खारं पाणी शेतात पसरायचं, आणि मग त्या जमिनीत काही वर्षं भाताची काडी उगवायची नाही. म्हणून बांधाची राखण सामाईक असे. तिला जोळ म्हणत. चावडीपुढच्या वडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो बडवला की घरटी निदान एक माणूस, हातात असेल ते टाकून, फावडं-घमेलं घेऊन बांधाकडे धावायचा. पेंढ्याच्या मोळ्या, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे आणि खांड बुजायची. खांड बुजवून लोक परतायला लागले की वाटेवरच्या घरांतल्या बाया तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याच्या चिखलाच्या हातांवर कोमट पाणी घालायच्या. नातं बघायचं नाही, भांडण बघायचं नाही. ज्याचे हात भरलेले, त्याला पाणी. लहानपणी मला तो गावातला सगळ्यात सुंदर सण वाटायचा, फक्त त्याची तिथी ठरलेली नसे.

या कामात माझा बा सगळ्यांच्या पुढे. मिठागरात राबून राबून त्याच्या छातीत दमा बसला होता, चार पावलं चालला की भात्यासारखा आवाज यायचा. पण रुळाचा ठोका पडला की त्याला दमाही आठवत नसे. बांधावर पहिला पाय त्याचा. आई चिडायची, "यंदा दुसऱ्या कोनाला तरी पयला पोचू दे." बा म्हणायचा, "माजं पाय मना इचारत न्हाय गो."

खाडीच्या कडेला एक कारखाना आला, तेव्हा मी पनवेलच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. आता तो कारखाना नाही, थोडी पडकी भिंत तेवढी उरली आहे. त्यात अमोनियाच्या मोठ्या टाक्या होत्या. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी होते पाठक साहेब. बारीक अंगाचे, मृदू बोलणारे, उन्हाने लाल झालेले गृहस्थ. टाकी फुटलीच तर गावाने काय करायचं हे गावाला ठाऊक असावं, ही त्यांची मनापासूनची तळमळ होती. गावात कॉलेजात जाणारी मुलगी आहे असं कळल्यावर ते आमच्या पडवीत आले, आईच्या हातचा कोरा चहा प्यायले आणि मला एक पुस्तिका देऊन गेले. ते मला "कुंदाताई" म्हणाले. कोणी साहेब मला ताई म्हणाला, ती पहिली वेळ.

सराव ठरला. आदल्या दिवशी साहेबांनी जीपवर कर्णा लावून चावडीपुढे सगळं समजावलं. मोठा लांब भोंगा वाजला की जिथे असाल तिथल्या जवळच्या घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, आतल्या खोलीत बसायचं, तोंडाला ओलं फडकं धरायचं. दोन छोटे भोंगे वाजले की संकट टळलं, बाहेर यायचं. लोकांनी माना डोलावल्या. धर्माकाका, म्हणजे आमच्या गावचा बोलका माणूस, त्याने तर ते सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. साहेब खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला, आणि अख्खा गाव फावडी-घमेली घेऊन बांधाकडे धावला.

मी दारातच उभी होते. माझ्या डोळ्यांपुढून बा गेला, पाठोपाठ धर्माकाका, मागे बायका, म्हातारे. एका बाईच्या हातात भाकरीचं पीठ तसंच होतं. साहेब गल्लीच्या तोंडाशी हात पसरून उभे होते आणि लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखे निघून गेले. मी त्यांच्याबरोबर बांधाकडे गेले. सगळे बांधाच्या पायथ्याशी, कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या सखल जागी गर्दी करून उभे. टाकीतून गळलेला अमोनिया गार वाफ होऊन जमिनीलगत सरपटतो; तो सगळ्यांत आधी साचला असता नेमका तिथेच. बा गुडघ्यांवर हात टेकून खोकत होता.

"सायब," धर्माकाका म्हणाला, "बांद तं शाबूत हाय. मंग बोलावला कशाला?"

"अहो, घरात थांबायला सांगितलं होतं ना मी? काल तुम्हीच म्हणून दाखवलंत!"

"त्ये खरां. पन त्ये भोंगा वाजायच्या आधी व्हतां."

सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. परत येताना ते मला म्हणाले, "कुंदाताई, यांना कळलं नाही असं नाही. मग झालं काय?" हा प्रश्न माझ्या डोक्यात घट्ट बसला. बाचं खोकणं थांबत नव्हतं, आणि मला एवढंच दिसत होतं की खरा भोंगा ज्या दिवशी वाजेल, त्या दिवशी गावात सगळ्यांत आधी विषाच्या तोंडी जाणारा माणूस माझा बाप असेल.

रात्री भात वाढताना मी त्यालाच विचारलं. "बा, सायबांनी घरात बसाया सांगितला व्हता. का गेलास?"

तो थोडा वेळ चावत राहिला. "गाव हाका मारतंय आनि आपुन दार लावून बसायचां? हिराबायच्या घरावानी?"

मग मला उलगडलं. हिराबायचं घर खाडीच्या वाटेवर, गावाच्या अगदी टोकाला. त्या घराला गाव दारलावे म्हणायचं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मोठी खांड गेली होती, सगळा गाव बांधावर होता, आणि त्या एका घराचं दार आतून बंद होतं. तेवढ्यावरून नाव पडलं. नवरा गेला, हिराबाय एकटी राहिली, तरी नाव गेलं नाही. पोरं भांडली की एकमेकांना तेच म्हणायची, "जा रं दारलाव्या!" आणि आम्ही पुस्तिका हातात घेऊन त्याच गावाला सांगत होतो, की हाक आली की दारं लावून घ्या.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना मी वाट वाकडी करून हिराबायकडे गेले. ती अंगणात बसून वाकट्या निवडत होती. मी आडवळणाने काहीतरी विचारायला लागले तेव्हा तिनेच बोट ठेवलं. "दाराचां इचाराया आयलीस ना? इचार. अजून कोनी इचारला न्हाय." त्या दिवशी ती बाळंत होत होती. पहिलं मूल, आडलेलं. सुईण आत, नवरा तिचा हात धरून बसलेला. रुळाचा आवाज तिने ऐकला होता. नवऱ्याला ती म्हणाली होती, जा. तो गेला नाही. मूल काही राहिलं नाही.

"आनि नंतर तुमी कोनाला सांगितला न्हाय?"

"सांगनार कवा? सांज होईपरत नाव पडला व्हता." तिने एक वाकटी उचलून उन्हाकडे धरली. "ही ने तुज्या आयेला. बापाला भाजून दे, त्याला आवडते."

त्याला काय आवडतं हे तिला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. टोकाच्या घरातून गाव चांगला दिसत असावा.

मी हे सगळं पाठक साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मला आवाज समजावून चालणार नाही, दार समजावायला हवं." त्यांनी पुन्हा गाव बोलावला आणि या खेपेला मला उभं केलं. रुळाचा ठोका बांधाचा आणि भोंगा हवेचा, इथपर्यंत ठीक गेलं. पुढे मी पुस्तिकेतलं वाचायला लागले, "दरवाजे व खिडक्या यांच्या फटी ओल्या कापडाने बंद कराव्यात." माझा आवाज आपोआप शाळेतल्या बाईंसारखा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "कराव्यात बरां का, कराव्यात," आणि हशा पिकला. मी अडखळले.

तेवढ्यात सगळ्यांच्या मागे, पारापासून दूर बसलेली हिराबाय बोलली. गावाच्या बैठकीत ती बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "पोरी, फट कशाला बोलतंस? खांड बोल ना. इख बाहेरशी आत येतंय, तर उंबऱ्याला खांड गेली. चिकल लाव, पेंडा लाव, बुजव. यांना तेवडाच येतां."

हशा थांबला. मग ती जरा पुढे वाकली. "आनि दार कसां लावायचां ते मना इचारा. इतकी वर्सां नाव ठेवलाव, आता शिकाया या."

एकेक बाई विचारायला लागली. कौलांचं काय? आतल्या खोलीवर पोटमाळ्याचं छत आहे, तिथेच बसायचं, साहेब म्हणाले. गुरांचं काय? लेकरू खेळायला गेलं असेल तर? ज्या घरापाशी असेल त्या घरात, मी सांगितलं, आणि त्या घराने त्याला आपलं समजून आत घ्यायचं. उंबऱ्यापाशी ओल्या मातीची एक पाटी कायम भरून ठेवायची असं ठरलं. आईने त्याच दिवशी आमची पाटी भरली आणि मिठाच्या पोत्याशेजारी ठेवली. तिची आगोट वाढली होती, एवढंच. घरी येताना मी म्हटलं, "बा, आता तरी?" तो म्हणाला, "डोक्याला कळला. पायांचा मी सांगू शकत न्हाय."

खरा भोंगा वाजला तो पावसाळ्यानंतरच्या एका उधाणाला, सकाळच्या उन्हात. बा भरती बघायला म्हणून नुकताच खाडीच्या वाटेला लागला होता. भोंगा वाजतच राहिला. आईने चूल विझवली, शेजारच्या दोन पोरांना दंडाला धरून आत घेतलं, दार लावलं. आम्ही माजघरात बसलो. उंबऱ्याच्या सांदीत मी ओली माती दाबत होते. थोड्या वेळाने तो वास आला. प्रयोगशाळेत बाटलीचं बूच उघडलं की नाकात शिरणारा तोच वास, पण इथे त्याला बूच नव्हतं. डोळे चुरचुरले. मी आईकडे बघितलं. बाचं नाव आम्ही दोघींनीही घेतलं नाही. शेजारचा धाकटा पोरगा ओल्या फडक्याआडून म्हणाला, "काका बांदावं गेला असंल ना?" आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

सोसायटीच्या सरावात आम्ही जिन्याने खाली उतरतो आणि मोकळ्या जागेत उभे राहतो. कोण खाली आलं, कोण नाही, हे एक तरुण मुलगा मोजतो. मला नेहमी वाटतं, की माणूस नजरेआड असण्याचा तो वेळ कशाने मोजता येत नाही. त्या दिवशी माजघरात आम्ही किती वेळ होतो ते मला अजूनही सांगता येणार नाही.

दोन छोटे भोंगे वाजले. मी उंबऱ्याची माती पायाने उडवली आणि बांधाकडे धावले. बांध रिकामा होता. कारखान्याच्या भिंतीलगतचं सगळं गवत करपून काळपट पडलं होतं, आणि तिथेच, सरावाच्या दिवशी जिथे गाव उभा होता तिथे, दोन बगळे पंख पसरून पडलेले. बा कुठेच नाही. मी ओरडून हाका मारल्या. मग वळले, आणि वाटेवरच्या टोकाच्या घराकडे माझं लक्ष गेलं. दार बंद. दाराखालच्या सांदीतून चिखल बाहेर आला होता. बांधाला लावतात तसा, पेंढा घालून, अंगठ्याने चेपलेला.

मी दार ठोठावलं.

"कोन?" हिराबायचा आवाज.

"मी, कुंदा."

"दोनदा वाजला काय? नीट ऐकलास?"

"दोनदा वाजला, बाय. उघड."

आतून चिखल खरवडल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. बा भिंतीला टेकून बसला होता. छाती भात्यासारखी वाजत होती, डोळे लाल. पण समोर ताटली होती, आणि ताटलीत अर्धी भाकरी आणि भाजलेली वाकटी.

"बांदाकडंच निघालो व्हतो गो," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "हिच्या घरावरशी पुढं गेलो. ही दारात उभी ऱ्हाऊन वरडली, अरं, माज्या उंबऱ्याला खांड गेलीय, हात लावाया मानूस न्हाय. मंग जाऊ कसा?"

हिराबाय ताटलीकडे बोट दाखवत म्हणाली, "खा गप. खोकला थांबला म्हंजे बोल."

त्याला एकट्याने चालवेना. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हिराबाय, असे आम्ही गावात शिरलो. लोक दारं उघडून बाहेर येत होते, पोरं मोजत होते, एकमेकांच्या दारातला चिखल बघत होते. धर्माकाका आपल्या ओट्यावर उभा होता. त्याने बाला बघितलं आणि तो लगबगीने ओट्यावरून उतरला. "कुटं व्हतास रं? आमी समजलो, तू बांदावं पयला पोचलास."

बा थांबला. सगळे ऐकत होते. "हिराबायकडं," तो म्हणाला. "दार लावून बसलो व्हतो."

कोणी हसलं नाही. आम्ही घरापाशी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यावर उभी होती. बाला बघून ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. चूल विझलेली, पाणी थंडच होतं. बाने हात पुढे केले. कोपरापर्यंत चिखल होता. आईने धार धरली, आणि पाणी लाल-काळं होऊन अंगणात वाहिलं. मी गावात किती वेळा तरी बघितलं होतं ते, पण आई रडत रडत पाणी घालते असं कधी बघितलं नव्हतं.

हिराबाय तेवढ्यात वळून निघाली होती. तिचेही हात तसेच भरलेले होते, ते तिने पदरात गुंडाळून घेतले होते.

"हिराबाय," आई म्हणाली, "कुटं चाललीस? हात पुढं कर."

ती थांबली. जरा वेळ तिला समजलंच नसावं. मग तिने पदरातून हात सोडवले आणि, कसे धरायचे ते विसरल्यासारखे, ओंजळ करून पुढे केले. आईने तांब्या कलता केला.